मूत्रपिंडाला हुकूम छातीतून येतो

पोहण्याच्या तलावात उतरून थोडा वेळ झाला की लघवीला जावेसे वाटते, हा अनुभव बहुतेकांच्या ओळखीचा आहे. पाणी गार असते म्हणून असे होते, असे आपण म्हणतो आणि विषय तिथेच सोडून देतो. पण पाणी गार नसले, अगदी अंगाला ना गार ना गरम लागेल इतके कोमट असले, तरी हेच घडते. शिवाय वाढते ती नुसती लघवी नव्हे. गळ्यापर्यंत पाण्यात शांत बसलेल्या निरोगी माणसाच्या लघवीवाटे तीन-चार तासांत नेहमीच्या दुपटी-तिपटीने सोडियम बाहेर पडू लागते. या माणसाने जास्तीचे मीठ खाल्लेले नसते, जास्तीचे पाणी प्यालेले नसते, कोणते औषधही घेतलेले नसते. त्याच्या शरीरातले एकूण पाणी आणि मीठ होते तेवढेच असते. तरीही मूत्रपिंडे अशी वागतात, की जणू शरीरात पाण्याचा पूर आला आहे आणि तो तातडीने ओसरायला हवा. गेल्या शंभर वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनी या साध्या निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि त्यातून हाती आलेली गोष्ट पोहणाऱ्यांपेक्षा रुग्णांच्या अधिक कामाची ठरली. शरीर आपल्यातले एकूण पाणी मोजत नाही. रक्ताभिसरणाच्या काही मोजक्या ठिकाणी, विशेषतः छातीत, रक्त किती भरले आहे तेवढेच ते मोजते आणि त्यावरून मीठ ठेवायचे की सोडायचे ते ठरवते. पायावर सूज किंवा पोटात पाणी असलेल्या माणसाची मूत्रपिंडे मीठ का सोडत नाहीत, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आधी मिठाचा हिशेब पाहू. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या द्रवात असलेले सोडियम मिठाच्या रूपात मोजले तर ते जवळपास दीड किलो भरते. आपण दिवसभरात खातो ते मीठ फार तर आठ-दहा ग्रॅम. म्हणजे गाळलेल्या सोडियमपैकी 99 टक्क्यांहून अधिक भाग मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका परत रक्तात घेतात आणि उरलेला टक्काभर काय तो बाहेर जातो. हे परत घेणे अर्ध्या टक्क्याने जरी कमी झाले तरी बाहेर पडणाऱ्या मिठात मोठा फरक पडतो. सोडियमचे महत्त्व यासाठी, की शरीरात पेशींच्या बाहेर असलेले पाणी त्याच्याच आधाराने टिकते. मीठ साठले की पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते, सूज येते. मीठ गेले की पाणीही जाते. म्हणजे मूत्रपिंड मिठाचा निर्णय घेते तेव्हा ते खरे तर शरीरातल्या पाण्याच्या साठ्याचाच निर्णय घेत असते. हा निर्णय घ्यायला त्याला माहिती कोण पुरवते, हा कळीचा प्रश्न आहे.

पाण्यात उतरल्यावर काय बदलते ते पाहिले की या प्रश्नाचा पहिला धागा हाती येतो. माणूस उभा राहतो किंवा पाय सोडून बसतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि ओटीपोटाच्या शिरांमध्ये उतरते. शिरा लवचिक असतात, त्या फुगतात आणि तेवढे रक्त छातीला कमी पडते. पाण्यात मात्र बाहेरून दाब येतो आणि खोलीबरोबर तो वाढत जातो. एक मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटर एवढा असतो. पायांच्या शिरांत उभ्या स्थितीत जो दाब साचतो, त्याला बाहेरून जवळपास तोलून धरण्याएवढा हा आहे. परिणामी फुगलेल्या शिरा आवळल्या जातात आणि रक्त वर सरकते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1972 मध्ये केलेल्या मोजमापांत गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसांच्या छातीतले रक्त सुमारे 700 मिलिलिटरने वाढलेले आढळले. हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि दर मिनिटाला हृदयातून फेकले जाणारे रक्त सुमारे एक तृतीयांशाने वाढते. नाडी मात्र वाढत नाही. प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडते एवढेच. शिवाय पायांच्या ऊतींमध्ये साचलेला द्रवही हळूहळू रक्तात ओढला जातो, त्यामुळे रक्त थोडे पातळ होते. एकूण द्रव तेवढाच राहतो, पण त्याची जागा बदलते. सोसायटीचा पाण्याचा पंप गच्चीवरच्या टाकीतली पातळी पाहून चालू-बंद होतो, खालच्या हौदात किती पाणी आहे याची त्याला खबर नसते. शरीरातल्या मिठाचे नियंत्रणही बरेचसे याच पद्धतीने चालते.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. अंघोळीच्या टबात बसल्यावर लघवी वाढते याची शास्त्रशुद्ध नोंद बॅझेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1924 मध्ये केली. पण असे का होते याचे नीट उत्तर मिळायला पुढची तीस वर्षे जावी लागली. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ऑटो गाउअर आणि त्यांचे सहकारी जेम्स हेन्री यांनी 1950च्या दशकात छातीतला रक्ताचा भरणा वेगवेगळ्या मार्गांनी कमी-जास्त करून पाहिला. श्वास आत घेताना छातीत नेहमीपेक्षा जास्त ओढ निर्माण केली, की रक्त छातीकडे खेचले जाते आणि लघवी वाढते, हे त्यांनी दाखवले. मग 1956 मध्ये त्यांनी एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. भूल दिलेल्या कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक छोटा फुगा ठेवून तो फुगवला, तेव्हा कप्पा ताणला गेला आणि लघवीचा प्रवाह वाढला. हृदयाच्या भिंतींमध्ये ताण ओळखणारे मज्जातंतूंचे अग्र आहेत, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू पाणी रोखून धरणारे व्हाझोप्रेसिन हे संप्रेरक कमी सोडतो, अशी त्यांची मांडणी होती. हृदय केवळ पंप नसून शरीरातल्या द्रवाची पातळी मोजणारे उपकरणही आहे, ही दृष्टी या प्रयोगांनी दिली.

पण कुत्र्याच्या हृदयात फुगा फुगवणे निराळे आणि माणसावर तेच सिद्ध करणे निराळे. माणसाच्या छातीत रक्त भरायचे तर एरवी सलाइन चढवावे लागते, आणि सलाइन दिले की शरीरात मीठ आणि पाणी दोन्ही वाढतात. मग मूत्रपिंडाने जे केले ते भरण्यामुळे की वाढीव मिठामुळे, हे वेगळे काढता येत नाही. अमेरिकेत मयामी इथे मरे एपस्टाइन यांनी 1970च्या दशकात या अडचणीवर पाण्याचाच उपाय केला. स्वयंसेवकांना काही दिवस ठरावीक मिठाचा आहार द्यायचा, मग चार तास सुमारे 34 अंश सेल्सियसच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवायचे, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच माणसांना तेवढाच वेळ पाण्याबाहेर खुर्चीवर बसवून तुलना करायची. पाण्यातल्या दिवशी सोडियमचे उत्सर्जन पहिल्या एक-दोन तासांतच चढू लागे आणि चौथ्या तासाच्या सुमारास शिखर गाठे. दोन तासांत दोन लिटर सलाइन चढवल्यावर जेवढे सोडियम बाहेर पडते, जवळपास तेवढेच पाण्यात नुसते बसून बाहेर पडत होते. मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे जास्त गाळले गेले म्हणून मीठ गेले नाही. नलिकांनी ते परत घेणे कमी केले म्हणून गेले. सगळ्यात बोलका पुरावा खोलीचा होता. तीच माणसे केवळ कमरेपर्यंत पाण्यात बसली तर मिठाचे उत्सर्जन लक्षणीय वाढत नसे. पाणी छातीच्या वर आले तरच मूत्रपिंड हलत होते.

यावर सहज सुचणाऱ्या शंका या प्रयोगांतूनच निकालात निघतात. गारव्यामुळे लघवी वाढते हे खरे आहे. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आतल्या भागाकडे सरकते, म्हणजे थंडीही शेवटी त्याच वाटेने काम करते. पण 34-35 अंशांच्या पाण्यात शरीराची उष्णता ना घटते ना वाढते, तरी परिणाम टिकून राहतो. म्हणून गारवा हे मूळ कारण असू शकत नाही. पाणी त्वचेतून आत मुरते आणि तेच लघवीवाटे बाहेर येते, हा समजही टिकत नाही, कारण तसे असते तर केवळ पाणी बाहेर आले असते, शरीरातले सोडियम कशाला आले असते? मूत्राशयावर बाहेरून दाब पडल्याने लघवी लागत असेल, ही शंकाही फार पुढे जात नाही. मूत्राशयावरच्या दाबाने लघवीची भावना होऊ शकेल, पण लघवी तयार होण्याचे प्रमाण आणि तिच्यातले मीठ त्याने वाढणार नाही. शिवाय दाबच कारण असता तर कमरेपर्यंतच्या पाण्यानेही काम भागले असते.

आता छातीतला निरोप मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो कसा, ते पाहू. इथे संप्रेरकांचा संबंध येतो आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. व्हाझोप्रेसिन पाण्यात बसल्यावर कमी होते, ही गाउअर आणि हेन्री यांची अटकळ माणसातही खरी ठरली. पण व्हाझोप्रेसिनचा संबंध मुख्यतः पाण्याशी आहे, मिठाशी नाही. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पाण्यात बसल्यावर पटकन वाढते. बराच वेळ पाणी न प्यायलेल्या माणसात ती फारशी वाढत नाही. सोडियम मात्र अशा तहानलेल्या माणसातही वाढीव प्रमाणात बाहेर पडते. याचा अर्थ पाणी सोडणे आणि मीठ सोडणे ही दोन वेगवेगळ्या सूत्रांनी चालणारी कामे आहेत. मिठाचे सूत्र ज्या साखळीच्या हाती आहे असे आपण शिकतो, ती रेनिन आणि अल्डोस्टेरॉनची. मूत्रपिंडाला रक्त कमी पडतेय असे वाटले की ते रेनिन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, ते अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावते आणि अल्डोस्टेरॉन नलिकांना मीठ परत घ्यायला लावते. पाण्यात बसलेल्या माणसात ही साखळी थंडावते. साडेतीन-चार तासांत रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही निम्म्यावर, कधी तर त्याहूनही खाली येतात.

तरी एवढ्याने हिशेब जुळत नव्हता. अल्डोस्टेरॉन पेशीच्या केंद्रकात जाऊन नवी प्रथिने तयार करवून काम करते, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला आणि ओसरायलाही वेळ लागतो. पाण्यात मीठ सुटायला सुरुवात होते ती अल्डोस्टेरॉनचा असर ओसरण्याच्या आधी. एपस्टाइन यांनी स्वयंसेवकांना अल्डोस्टेरॉनसारखेच काम करणारे संप्रेरक बाहेरून देऊन पाहिले, तरीही पाण्यात बसल्यावर मीठ सुटायचे थांबले नाही. म्हणजे मीठ रोखणारा हात सैल होण्याबरोबरच मीठ बाहेर ढकलणारा आणखी एखादा हात असणार, हे उघड होते. तो 1981 मध्ये सापडला. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात अडोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या स्नायूंचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि काही मिनिटांत त्यांच्या लघवीतून पाणी आणि सोडियम भराभर बाहेर पडू लागले. त्या अर्कातला घटक पुढे एएनपी या संक्षिप्त नावाने ओळखला जाऊ लागला. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की त्यांचे स्नायू स्वतःच हे संप्रेरक रक्तात सोडतात. पाण्यात बसलेल्या माणसांच्या रक्तात मोजून पाहिले तेव्हा एएनपी जवळपास दुप्पट झालेले आढळले. हृदय मेंदूकरवी निरोप पाठवते हे हेन्री-गाउअर यांनी सांगितले होते. ते मूत्रपिंडाला स्वतःहूनही निरोप पाठवते, हे आता कळले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एएनपी बाहेरून देऊन रक्तातले त्याचे प्रमाण पाण्यात बसल्यावर होते तेवढेच वाढवले, तर मीठ तितके सुटत नाही. त्यामुळे एएनपी हेही एकमेव कारण ठरत नाही. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंचा जोर पाण्यात कमी होतो, मूत्रपिंडात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने ही रसायने मदत करतात, रक्त पातळ झाल्याने नलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांची द्रव ओढून घेण्याची ताकद घटते, या सगळ्याचा वाटा निरनिराळ्या प्रयोगांत दिसला आहे. मग कोणताही एक दूत नक्की सांगता येत नसेल, तर हुकूम छातीतून येतो हे म्हणणे सैल पडत नाही का? मला उलट वाटते. दूत अनेक असले तरी ते सगळे एकाच घटनेनंतर एकाच दिशेने धावतात आणि ती घटना म्हणजे छातीतला वाढलेला भरणा. पाणी कमरेवर थांबवले की सगळेच दूत स्वस्थ राहतात. मीठ दुर्मीळ असलेल्या जगात ज्या प्राण्यांची घडण झाली, त्यांच्यासाठी मिठाचे नियंत्रण हा जिवाचा प्रश्न होता. ते काम एकाच संप्रेरकावर सोपवलेले नसणे हे त्या घडणीला धरूनच आहे. एक दोरी तुटली तरी दुसरी सांभाळते. म्हणूनच एखादे संप्रेरक अडवून मीठ सुटणे पूर्णपणे थांबवता येत नाही आणि एखादे संप्रेरक देऊन ते हवे तेवढे घडवताही येत नाही.

दुसरा आक्षेप अंतराळातून आला. गुरुत्वाकर्षण नसेल तर पायांत रक्त उतरणार नाही, ते छातीकडे आणि डोक्याकडे सरकेल, हा विचार करून पृथ्वीवर अंतराळाची पूर्वतयारी पाण्यात केली गेली. रशियात तर अंग ओले न होता पाण्यात बुडून राहता येईल अशी जलरोधक चादरीची पद्धत 1970च्या दशकात विकसित झाली. अंतराळवीरांचे चेहरे सुजतात आणि पाय बारीक होतात, हे खरेच घडले. दोन्ही पायांतून मिळून लिटर-दोन लिटर द्रव वर सरकतो. पण अपेक्षेप्रमाणे लघवी आणि सोडियम मात्र वाढलेले आढळले नाही. शिवाय 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अवकाशयानातील अंतराळवीरांच्या छातीजवळच्या मोठ्या शिरेतला दाब प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो वाढण्याऐवजी उतरलेला निघाला. या निकालाने पाण्याच्या प्रयोगांवर प्रश्नचिन्ह लागले असे अनेकांना वाटले. मात्र त्याच मोजमापांत हृदय आकाराने मोठे झालेले दिसले होते. वजनाअभावी छातीचा पिंजरा सैलावतो, हृदयावरचा बाहेरचा दाब कमी होतो आणि म्हणून आतला दाब कमी असूनही ते ताणले जाते. अंतराळवीर पहिल्या दिवसांत मळमळीमुळे कमी खातात-पितात, आणि त्यांच्या सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर पाण्यातल्या माणसासारखा घटत नाही. म्हणजे अंतराळ आणि पाणी यांना एकच समजणे चूक होते. पाण्याने माणसाबद्दल जे दाखवले ते खोटे ठरले नाही; छातीचा निरोप मोठा असला तरी मूत्रपिंड तेवढ्यावरच चालत नाही, हे मात्र या निकालाने नीट अधोरेखित केले.

या सगळ्या ज्ञानाची खरी कसोटी रुग्णालयात लागली. यकृताच्या सिरॉसिसमध्ये अनेकांना जलोदर होतो. पोटात लिटरच्या लिटर पाणी साचते, पाय सुजतात, शरीर मिठाने आणि पाण्याने तुडुंब असते; तरीही लघवीतून सोडियम जवळजवळ बाहेर पडत नाही. मूत्रपिंडे बिघडली आहेत, असेच प्रथमदर्शनी वाटेल. पण एपस्टाइन यांनी अशा रुग्णांना गळ्यापर्यंत पाण्यात बसवले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे रेनिन आणि अल्डोस्टेरॉन उतरले आणि सोडियमचे उत्सर्जन कित्येक पटींनी वाढले. कालपर्यंत मीठ धरून बसलेली मूत्रपिंडे चार तासांत ते सोडू लागली. याचा निष्कर्ष स्पष्ट होता: मूत्रपिंडे मीठ सोडायला असमर्थ नव्हती, रक्ताभिसरण रिकामे आहे असा निरोप त्यांना मिळत होता आणि त्या निरोपाचे ती इमानाने पालन करत होती. पोटात पाणी कितीही असले तरी ते रक्ताभिसरणाबाहेर पडलेले पाणी आहे; मोजणाऱ्या जागांना ते दिसतच नाही. अर्थात सगळ्या रुग्णांत असे घडले नाही, काहींची मूत्रपिंडे पाण्यातही हलली नाहीत. या आजारात आतड्यांकडच्या धमन्या प्रमाणाबाहेर रुंदावतात आणि धमन्यांतला भरणा कमी पडतो, ही मांडणी रॉबर्ट श्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये केली. तिच्यामुळे मूळ विचारात एक महत्त्वाची भर पडली. मोजमाप केवळ छातीतल्या शिरांच्या बाजूने होत नाही, धमन्यांच्या बाजूनेही होते.

ही भर लक्षात घेतली की सगळ्यात अवघड आक्षेपालाही उत्तर देता येते. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णात छाती तर रक्ताने भरलेलीच असते, हृदयाचे कप्पे ताणलेले असतात, मग त्याच्या मूत्रपिंडांनी भराभर मीठ सोडायला हवे. प्रत्यक्षात ती मीठ साठवतात आणि पाय सुजतात, श्वास लागतो. इथे दोन निरोप एकमेकांच्या विरोधात जातात. ताणलेले हृदय एएनपी आणि त्याचे भावंड बीएनपी भरपूर सोडत असते, इतके की हृदयाच्या आजाराच्या निदानासाठी आज बीएनपीशी संबंधित रक्तचाचणी सर्रास केली जाते. पण कमकुवत पंपामुळे धमन्यांत भरणा कमी पडतो, त्या बाजूने धोक्याची सूचना जाते आणि रेनिन, अल्डोस्टेरॉन व सिंपथेटिक मज्जातंतू जोरात काम करू लागतात. वर्षानुवर्षे ताणलेल्या हृदयातले ताण ओळखणारे अग्रही बोथट होतात आणि मूत्रपिंड एएनपीला दाद देईनासे होते. शेवटी धमन्यांचा निरोप वरचढ ठरतो. आजची औषधे नेमकी याच दोन निरोपांवर काम करतात. अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने हृदयाच्या गंभीर दुर्बलतेत मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये दिसले. जलोदरात तर हे औषध उपचाराचा पायाच आहे. एएनपीसारख्या संप्रेरकांचे विघटन रोखणारे सॅक्युबिट्रिल हे औषध अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या व्हालसार्टनबरोबर दिल्यास आधीच्या प्रचलित उपचारापेक्षा जास्त फायदा होतो, हे 2014 मध्ये सिद्ध झाले.

मग औषधांऐवजी पाण्यातच का बसवू नये? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. इंग्लंडमधील बाथ या गावी कोमट-गरम झऱ्यांच्या कुंडात गळ्यापर्यंत बसवून रुग्णांवर उपचार करण्याची मोठी परंपरा होती आणि 1742 मध्ये तिथे त्यासाठी रुग्णालय सुरू झाले. शिशाच्या विषबाधेने हात-पाय लुळे पडलेले लोक तिथे येत, कारण त्या काळी मद्यातून आणि रंगकामातून शिसे सहज पोटात जाई. पाण्यात बसल्यावर लघवीवाटे शिशाचेही उत्सर्जन वाढते हे विसाव्या शतकातल्या चाचण्यांत दिसले, म्हणजे त्या रुग्णांना गुण येण्याला काही आधार होता. पण तो झऱ्यातल्या खनिजांचा मानण्याचे कारण नाही, कारण प्रयोगशाळेतल्या साध्या पाण्यानेही मूत्रपिंड तसेच वागते. उपचार म्हणून या मार्गाच्या मर्यादा मोठ्या आहेत. पाण्याबाहेर आल्यावर रक्त पुन्हा पायांत उतरते, संप्रेरके काही वेळात मूळ पातळीवर येतात आणि मीठ सुटणे थांबते. हृदय कमकुवत असेल तर छातीत एकदम आलेले अर्धा-पाऊण लिटर रक्त फुप्फुसांत पाणी भरायला कारण होऊ शकते. धडधाकट पोहणाऱ्यांमध्ये आणि पाणबुड्यांमध्येही, विशेषतः थंड पाण्यात, हा प्रकार अधूनमधून घडतो. वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा उन्हवरे इथल्या गरम कुंडांत परिस्थिती आणखी वेगळी असते, कारण उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येऊ शकते. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गळ्यापर्यंतच्या कुंडात बसू नये. गरोदरपणात पायांवर येणाऱ्या साध्या सुजेला मात्र कोमट पाण्यात उभे राहून केलेल्या हालचालींनी तात्पुरता आराम मिळतो आणि त्याचे कारण पाण्याचा हाच बाहेरचा दाब आहे. तासन्‌तास पोहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की पाण्यात लघवी वाढते आणि तहान मात्र कमी जाणवते. म्हणून तहानेची वाट न पाहता मधूनमधून पाणी प्यावे.

या संशोधनाचा सामान्य माणसाला मिळालेला सगळ्यात मोठा धडा मिठाविषयी आहे. सूज आली की घरात पहिली बंदी पाण्यावर येते आणि ताटातले लोणचे, पापड, चटणी तशीच राहते. जलोदराच्या किंवा हृदयाच्या रुग्णाची मूत्रपिंडे रक्ताभिसरण रिकामे आहे असे समजून प्रत्येक ग्रॅम मीठ धरून ठेवत असतात आणि त्या मिठामागे पाणी आपोआप साठते. पाणी किती प्यायचे ते डॉक्टर रक्तातले सोडियम पाहून ठरवतील. मीठ कमी करणे मात्र जवळपास प्रत्येक अशा रुग्णाला लागू आहे. निरोगी माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपला सरासरी आहार या मर्यादेच्या पुष्कळ पुढे आहे. सुजलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना दोष देऊ नका; त्यांना मिळणारा निरोप चुकीचा आहे. तो दुरुस्त करण्याचे काम औषधांवर आणि डॉक्टरांवर सोडा, पण ताटातले मीठ कमी करण्याचे काम आजच्या जेवणापासून घरातच सुरू करा.